गाव, बाग आणि बहार

"आई, फेकून दे ते. आता असं कोणी लिहीत नाही," मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. मीही होते, हे तो सोयीने विसरतो. 'ते' म्हणजे लग्नाआधी अमरावतीत नोकरी करताना मी स्वतःच्या हौसेने लिहिलेला प्रोग्राम. डेटाबेसच्या तक्त्यांतून हवी ती माहिती काढून आणायची, नवी नेऊन ठेवायची, एवढंच त्याचं काम. वरूडला धाकट्या भावाचं संत्र्याचं पॅकिंग आहे. तिथल्या सौद्यांच्या नोंदी इतकी वर्षं याच प्रोग्रामवर चालल्या. मग जुना कॉम्प्युटर बसला, आणि नव्यावर माझा प्रोग्राम काही केल्या सुरू होईना.

भावाने तयार सॉफ्टवेअर विकणाऱ्याला बोलावूनही ठेवलं. सोमवारी तो येणार, नवं बसवणार, माझं पुसणार. "ताई, तू राग नको मानू," भाऊ म्हणाला, "पन मृगाचा माल सुरू होऊन राहिला. मी थांबू किती?"

राग आलाच. पण भांडण्याआधी त्या तयार सॉफ्टवेअरचा नमुना मागवून चालवून पाहिला. आमच्याकडे संत्री झाडावर असतानाच विकतात. एकाच बागेचा अंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलांची फळं, एका व्यापाऱ्याला जातो; मृग बहार, म्हणजे पावसाळी फुलांची, दुसऱ्याला. मी आमच्याच बागेचा अंबियाचा सौदा टाकला, मग मृगाचा. दुसरा टाकताच पहिला गायब! बाग एक, तर सौदाही एकच, असा त्याचा खाक्या. विकणाऱ्याला फोन लावला तर तो म्हणतो, "मॅडम, मंग दुसऱ्या टायमाले बागेचं नाव बदलून टाका ना."

बापाने लावलेल्या बागेचं नाव मी याच्या सोयीसाठी बदलू!

माझ्या प्रोग्रामात गाव, बाग आणि बहार या तिन्हींनी मिळून एका सौद्याची ओळख पटते. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, मी त्या बागेतच वाढले होते. तेव्हा अमरावतीचे साहेब यावरूनच हसले होते. "प्रत्येक नोंदीले एक नंबर देऊन मोकळी हो. हे काय विणकाम करत बसली?" पुढे तेच विणकाम त्यांनी गिऱ्हाइकांना खपवलं, फक्त प्रोग्रामच्या पहिल्या ओळीतलं माझं नाव काढून. पोरीने लिहिलंय म्हटलं की लोकांचा भरवसा बसत नाही, हेही वर मलाच समजावलं. नोकरी सोडताना घरी आणलेली माझी प्रतही त्यातलीच, म्हणून तिच्यातही ती ओळ कोरीच होती. त्या माणसाचा मला अजून संताप येतो, आणि तो आवरायची मला गरज वाटत नाही.

सोमवारच्या आत प्रोग्राम चालू करायचाच म्हणून अकोल्याला माझ्या घरी भर दुपारी कूलर लावून बसले. नव्या डेटाबेसशी बोलायची रीतच बदलली होती, तेवढा भाग मुळापासून उखडून पुन्हा लिहिला. मराठी नावं जुन्या फॉन्टमधली, त्यांच्या जागी भलतीच चिन्हं उमटत होती. तीही एकेक अक्षर धरून सरळ केली. नवरा वकील, त्याला प्रत्येक गोष्टीचा निकाल लागतो. "एवढा जीव काढून मिळणार काय?" त्याने विचारलं. "काही नाही," मी म्हटलं, "चहा तेवढा तू कर." गाव, बाग, बहाराच्या भागाला मात्र हात लावला नाही. लावावा लागलाच नाही.

रविवारी वरूडला गेले. पॅकिंगच्या शेडमध्ये क्रेटांचा ढीग, बाहेर ट्रॅक्टर खोळंबलेला. नव्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम चढवला आणि भावालाच खुर्चीत बसवलं. त्याने आमच्या बागेचं नाव टाकलं. स्क्रीनवर अंबियाच्या व्यापाऱ्याचं नाव आलं, त्याच्या खाली मृगाच्या व्यापाऱ्याचं. भावाने दोन्ही नावांवर बोट टेकवलं.

"दोनी आले वं ताई!"

"येणारच होते."

त्याने तिथूनच विकणाऱ्याला फोन केला. "उद्या नका येऊ भाऊ. आमचं जुनंच चालू झालं." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. भावाने फोनवर हात ठेवला. "कोनं बनवलं म्हून इचारून राहिला. काय सांगू?"

मी कीबोर्ड माझ्याकडे ओढला, प्रोग्राम उघडला आणि त्या कोऱ्या पहिल्या ओळीत माझं नाव टाईप केलं. माहेरचं, कारण लिहिला तेव्हा तेच होतं.

"हे घे," मी म्हटलं. "मोठ्यानं वाच."