डावा बैल कोणाचा?

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर आज सुविचाराऐवजी माझा अनुभव वाचा. औंदा राज्यांच्या पुनर्रचनेत आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, पण गावाचा अभिमान आहे तिथंच आहे.

दुपारच्या शंकरपटात आपल्या केळझरच्या पाटलांची बैलजोडी पहिली आली. डावा बैल तर असा पळाला की मी फेटाच उडवला. शेजारी उभ्या पाहुण्याले म्हटलं, “आमच्या गावचं पाणीच तसं हाये. हिंगणीचे बैल नुसते खाऊन सुस्त.”

पाहुणा हसला. “डावा माहाच हाये, हिंगणीचा. पाटलाचा लंगडून राह्यला म्हणून आज सकाळीच आणून देल्ला.”

“मंग आमचं पाणी?”

“पेला ना तो, घोटभर.”

आम्ही दोघं पोट धरून हसलो. बैलाले गुलालही दोघांनी मिळून लावला.

आता सांगा, तो हिंगणीचा हे आधी माहीत असतं, तर माझा फेटा उडाला असता काय?