माया आहे का?

कुणाला सांगू नये असं केलंय मी, पण सांगते. तुम्ही खुशाल हसा, मला अजून ते जमलेलं नाही.

आई गेली त्याला वर्ष होऊन गेलं होतं. भाचीच्या लग्नात आईची जांभळी साडी नेसायची, आणि तीही तिच्याच ब्लाउजवर, एवढंच मी मनात धरलं होतं. पण आई शेवग्याची शेंग आणि मी लाल भोपळा. ब्लाउज दंडातच अडकला.

नारायण पेठेतल्या रझियाभाभी आमच्या घरचं शिवणकाम करतात. हिंजवडीहून तिथवर जायचं म्हणजे अर्धा दिवस ट्रॅफिकला वाहायचा. म्हणून फोन केला. तुम्हीही तेच केलं असतं ना?

"भाभी, आईचा ब्लाउज मला मोठा करून हवाय."

"माया आहे का?"

"होती. खूप होती. बाहेरून दिसायची नाही, पण आतून होती."

"आता आहे का, ते सांगा."

"आता कुठली, भाभी? सगळी गेली."

"मग काही होणार नाही. रेडीमेड बघा."

इतकं कोरडं उत्तर मी पुण्यातसुद्धा ऐकलं नव्हतं. फोन ठेवून रडले.

मग हडपसरपर्यंतची दुकानं पालथी घातली. दंडात बसेल तो खांद्यावरून घसरे, खांद्यावर बसेल त्याचे हुक लागेनात. सगळ्या बायका काय एका साच्यातून काढतात? दुकानातली मुलगी म्हणाली, "मॅम, फ्री साइज घ्या ना, सगळ्यांना बसते." त्या सगळ्यांत मी नव्हते. शेवटी एका ताणल्या जाणाऱ्या पोपटी ब्लाउजवर साडी नेसले आणि लग्नभर पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बसले. लोकांना वाटलं, मला थंडी वाजतेय.

लग्नानंतर आईचा ब्लाउज घेऊन भाभींकडे गेले. म्हटलं, निदान याची छोटी पिशवी तरी शिवा.

भाभींनी ब्लाउज उलटा केला आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. "अहो ताई, ही काय माया! दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं आहे."

शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. त्याला माया म्हणतात. शिवायला टाकायला कायम आईच जायची, मला काय ठाऊक?

"तुम्हीच म्हणालात, सगळी गेली."

"मी आईबद्दल बोलत होते, भाभी."

त्यांनी शिवण उसवायला घेतली.

होती नव्हती ती सगळी माया सोडली. ब्लाउज आता अंगात जातो. फक्त शेवटचा हुक लागत नाही. लेक किती वाढेल, तेवढा एक अंदाज आईचा चुकला.