पास्ता शिजत असताना घातलेलं गाऱ्हाणं

पॅनमध्ये पाणी ओतून मी झाकण ठेवलं, आणि मागे वळलो तर तात्या हातात नारळ घेऊन किचनच्या दारात उभे. अंगात धुतलेला सदरा. डोक्यावर टोपी. मी आधी घड्याळ पाहिलं, कारण टोपी घातलेले तात्या पाच मिनिटांत आटपत नाहीत.

मालवणजवळच्या एका होमस्टेत मी कुक आहे. घर परभणीकडे. आठवीतून शाळा सोडली, मग ढाब्यावर पोळ्या लाटल्या, आणि ओळखीच्या ओळखीने इथे आलो. वैनी म्हणजे इथल्या मालकीणबाई. त्यांनी माझा दाखला मागितला नाही, की किती शिकलास हेही विचारलं नाही. राहायला खोली दिली, स्वतःच्या घरातलं पांघरूण दिलं. फक्त एवढंच म्हणाल्या, "एक म्हयनो ट्रायल." तात्या त्यांचे सासरे.

त्या बुधवारी ट्रायलचे शेवटचे दोन दिवस उरले होते. वरच्या खोलीत पुण्याच्या एक मॅडम महिनाभर राहून लॅपटॉपवर काम करत होत्या. रोज मासे खाऊन त्यांना कंटाळा आला होता. आठ वाजता त्यांची मीटिंग होती.

"दादा, सॉसेज पास्ता जमेल का? एका पॅनमध्ये अर्ध्या तासात होतो," असं म्हणून त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला.

मी "हो" म्हणालो. मी सगळ्यालाच हो म्हणतो, भीतीने.

वैनींनी मला बाजूला घेतलं. "ह्या जमला तर तू कायम. मॅडमच्या हाफिसातली बारा माणसा म्हयन्याभरान येवची आसत. तेंका असलाच खाणा होया. नाय जमला तर माका दुसरो कुक बघूक लागतलो."

मी व्हिडिओ अकरा वेळा पाहिला.

ज्यांनी केला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नेहमीच्या पास्त्यात पाणी भरपूर घालतात आणि शेवटी ओतून देतात. वन-पॅनमध्ये पाणी मोजून घालायचं. ते ओतायचं नाही, पास्त्यानेच प्यायचं. पास्त्याचा स्टार्च, म्हणजे आपल्या भाताच्या पेजेत असतो तोच चिकटपणा, त्या पाण्यात उतरतो आणि त्याचाच सॉस होतो. धुवायला एकच भांडं. पण दर मिनिटाला ढवळावं लागतं, आणि पाणी आटलं त्या क्षणी गॅस बंद. त्यात हयगय चालत नाही.

माझी प्रेप, म्हणजे चिरून-निवडून ठेवायची कामं, चोख होती. सॉसेजच्या चकत्या परतल्या. कांदा, लसूण, टोमॅटो टाकले. नळ्यांचा पास्ता टाकला, मोजून पाणी घातलं. घड्याळात सात वीस. आणि दारात तात्या.

"नवीन पदार्थ घरात पयल्यांदा होता," तात्या म्हणाले. "गाऱ्हाणा घालूक होया."

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे खड्या आवाजात मांडलेलं मागणं. एकाने मागायचं, बाकीच्यांनी हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणायचं. इकडे त्याशिवाय काही सुरू होत नाही. मला ही पद्धत फार आवडते. फक्त गॅस चालू नसावा.

सॉसेज घेऊन आलेला बाबल्या रिक्षावाला तिथेच चहा पीत होता. तो म्हणाला, "तात्यानू, पण ह्या कोंबड्याचा आसा हां."

"मगे काय झाला? रखवालदाराक कोंबो चालता."

रखवालदार म्हणजे जागेची राखण करणारा देव. त्याला सॉसेज चालतं का, हे विचारायची माझी हिंमत नव्हती.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वैनी, बाबल्या आणि मी.

"आज हयसर जा काय इलायती जेवाण मांडलेला आसा, ता मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पॅन खदखदू लागला. मी एक हात जोडलेलाच ठेवून दुसऱ्या हाताने हळूच उलथनं उचललं. तात्या थांबले. इकडे पोराला झील म्हणतात.

"झिला, हात जोड. मधी तुटला. आता पयल्यापासून."

आणि खरोखर पहिल्यापासून.

आवाज ऐकून मॅडम खाली आल्या. त्यांना हे इतकं आवडलं की त्या सगळ्यांच्या वर सूर लावून "व्हय म्हाराजा!" म्हणू लागल्या. दाद मिळाली की माणूस थांबतो का? तात्यांनी माडांना नारळ मागितले. मुंबईकर पोरांना गणपतीत वेळेवर गाडी मागितली. मॅडमकडे बघून म्हणाले, "हेंच्या नेटाक रेंज गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मॅडम तर ओरडल्याच.

इकडे पॅनची खदखद मंदावली. मग चर्रर्र. मग तेही बंद. स्वयंपाकात आवाज वाढला की घाबरू नये. आवाज थांबला की घाबरावं.

"आणि कोणाचा काय मागणा आसा?" तात्यांनी विचारलं.

"तात्या, माझं आहे!" मी ओरडलो. "गॅस बंद करायचाय!"

तात्यांनी डोळे मिटले. "ह्या झिलाक गॅस बंद करूची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" म्हणत मी झेप घेऊन बटण फिरवलं.

पण तात्या अजून संपले नव्हते. "ह्यो झील आवशीक, घरादाराक सोडून लांबसून इलेलो आसा. तेका ह्याच घरात थारो दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज वैनींचा होता. सवयीने निघाला असेल. निघाला खरा.

मी झाकण उघडलं. पास्ता नव्हता, भाकरी होती. सगळ्या नळ्या एकमेकींना धरून बसलेल्या, तळाला तपकिरी खरपूस थर. आठला दहा कमी. दुसरं काही करायला वेळ नव्हता. आई धपाटं उलटते तसं पॅनवर ताट उपडं ठेवून मी सगळं पालथं केलं. अख्खा गोल सुटून आला. सुरीने सहा त्रिकोण कापले.

मॅडम दोन त्रिकोण घेऊन मीटिंगला गेल्या. दहा मिनिटांनी उरलेल्यांसाठी परत आल्या, मीटिंग चालू ठेवूनच. "दादा, हा खरपूस क्रस्ट कसा आणलात?"

"देवाच्या कृपेने," मी म्हणालो. त्यात खोटं काहीच नव्हतं.

तात्यांनी ताटात राहिलेला कडेचा तुकडा चावून पाहिला आणि दात सांभाळत ठेवून दिला.

वैनी ओट्यापाशी आल्या. मी मनातल्या मनात पिशवी भरायला घेतली होती.

"पास्तो काय जमूक नाय तुका," त्या म्हणाल्या.

"नाही वैनी."

"पण देवासमोर व्हय म्हटलंय मी. आता काय करतलंय? रव हयच." मनातली पिशवी मी परत रिकामी केली. जाता जाता त्या म्हणाल्या, "तो पॅन भिजत घाल."

तो पॅन दोन दिवस भिजत होता. ते बारा जण येऊन गेले, व्यवस्थित सुटा पास्ता खाऊन गेले. मॅडमनी मात्र तोंड वाकडं केलं, पहिल्यासारखा झाला नाही म्हणाल्या.

या धंद्यात शिकलेली एक गोष्ट सांगतो. वन-पॅन पास्त्याला पाणी मोजून घ्यावं, आणि गॅस पेटवायच्या आधी घरात विचारून यावं, कुणाला देवाकडे काही मागायचंय का.