मला हार्मोन पाहिजे, इज्जत न्हाई

सत्तरी गाठली तसे डॉक्टर म्हणाले, "वजन उचलत जा. या वयात शरीरातलं वाढीचं हार्मोन कमी पडतं. स्नायूंना ताण दिला की ते जरा जागं होतं."

मला वाटलं, सोपं काम. पण आमच्या जुन्या जालन्यात म्हाताऱ्याच्या हातात ओझं दिसलं की लोक त्याच्या घरच्यांना नावं ठेवतात. गव्हाचा डबा घेऊन गिरणीला निघालो, तर कोपऱ्यावरच्या कापडवाल्यानं तो स्वतःच्या गाडीवर ठेवून नेला. भाजीची पिशवी शेजाऱ्यानं हिसकावली. चिडून डंबेल विकत आणले, तर ते पुतण्यानं रिक्षातून परस्पर उचलून घरात नेले.

"काका, मी असताना तुम्ही ओझं उचलता?"

"अरे, मला हार्मोन पाहिजे, इज्जत न्हाई!" मी ओरडलो. त्यानं मला जिन्यापाशी खुर्ची आणून दिली.

तेवढ्यात आमची बायको पाण्यानं भरलेल्या दोन बादल्या घेऊन जिन्याकडं आली. ती माझ्याहून दोनच वर्षांनी लहान. "कशाला वरडून राह्यले?" म्हणाली.

पुतण्यानं लगबगीनं तिला वाट करून दिली. मीही खुर्ची जरा मागं घेतली.