पाकळीची कड

पेंटर म्हणजे पेंटर. सगळा रस्ता त्याला त्याच नावाने ओळखायचा. तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पट्टी न लावता सरळ रेघ मारली. आणि आता, या वयात, बायको फुलं रंगवायला लागली! तीही कशी? आधी पेन्सिलने काढणं नाही, माप नाही. बरणीत चार फुलं खुपसायची, रुंद ब्रश रंगात बुडवायचा आणि फराटे मारायचे. गुलाबी हिरव्यात घुसलेलं, बरणीला तर एक बाजूच नाही.

"रंगाची नासाडी नुसती," तो म्हणायचा. पण लांबून पाहिलं की ती फुलं अगदी आत्ता उमलल्यासारखी वाटायची, आणि याच्या पोटात दुखायचं.

मग डॉक्टरीणबाई दवाखान्याची पाटी न्यायला आल्या. पाटीकडे धड बघितलंही नाही, नजर थेट बायकोच्या अर्धवट चित्रावर. "अय्या, हे कुणी केलं? दवाखान्यात लावायला मला हेच हवं. पूर्ण करून ठेवा, रविवारी येते."

झालं! पेंटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायको भाजी आणायला गेली की तो गुपचूप कागद घेऊन बसू लागला. एक फराटा मारायचा, की हात आपोआप त्याची कड नीट करायला जायचा. फुलं व्हायची पावडरच्या डब्यावर छापतात तशी. सगळे कागद त्याने टराटरा फाडले.

रविवारी बायको आंघोळीला गेली. चित्र समोरच होतं. एक पाकळी फारच पसरली होती. एवढीच नीट करतो म्हणून त्याने बारीक ब्रश उचलला. तिला कड आली तशी शेजारची गबाळी दिसायला लागली. मग तिलाही कड. बायको बाहेर येईपर्यंत बरणीलासुद्धा दुसरी बाजू फुटली होती.

"अहो, काय केलंत हे?"

"सुधारलं जरा."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई दारात. चित्र पाहून त्यांचा चेहराच उतरला. "हे तेच का हो? त्या दिवशी काहीतरी वेगळंच होतं…"

पेंटरने बारीक ब्रश पाठीमागे लपवला.

"तेच. माझाच हात जरा जास्त फिरला," बायको म्हणाली. "पुढच्या रविवारी दुसरं देते."

त्यापेक्षा तिने बाईंसमोर चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. बाई गेल्या, तिने नवा कागद लावला आणि बरबटलेले ब्रश त्याच्यापुढे सरकवले. "एवढे धुऊन द्या."

तो मुकाट्याने धुवायला बसला. तिने पहिला फराटा मारला, न थबकता. असा एक फराटा आपल्याला जन्मात जमायचा नाही, या विचाराने त्याचा नुसता जळफळाट होत होता. आणि डोळे मेले तिच्या हातावरून हटत नव्हते.