तीनदा दाबलेलं बटण

दादाला सूर कळत नाही. आवाज मात्र असा, की इथं आखातात, बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीतल्या त्याच्या खोलीत तो गायला लागला की शेजारच्या खोल्यांतली माणसं हातात ताटं घेऊन दारात येत. आठवडाभर क्रेन चालवायची आणि शुक्रवारी माझ्याबरोबर गायचं. गावाकडची गाणी, भाऊ-बहिणीची जोडी. की-बोर्ड माझा, गाणी बसवायची मी, पट्टी मात्र त्याची. त्याच्या गळ्याला सोसावं म्हणून आठ वर्षं मी खाली खर्जात घुसमटत गायले. लोक म्हणायचे, "दादांचा आवाज काय, वा! आणि ताईंची साथ पण छान." साथ! डोंबल माझं.

तेही गिळलं असतं. पण फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ आला, आमच्या अल थुमामात स्टेडियम उभं राहिलं, आणि सामन्यांच्या दिवसांत मोठ्या स्टेजवर एक मराठी गाणं व्हायचं ठरलं. एकच. कोण गाणार ते परीक्षक निवडणार होते. त्यासाठी गाणं मी लिहिलं. खिडकीतून दिसणाऱ्या स्टेडियमवर, ते बांधणाऱ्या हातांवर. भाकरी थापताना सुचलं, पिठाच्या हातानंच उतरवलं. आणि या पठ्ठ्यानं अल गराफातल्या आयोजकांच्या व्हिलात, तालमीला जमलेल्या सगळ्यांसमोर सांगितलं, "क्रेनवर बसल्या बसल्या सुचलं बघा मला." टाळ्या पडल्या. वर माझ्याकडं बघून डोळा मारला! गाडीत विचारलं तर म्हणतो, "अगं, आपल्यात कसलं आलंय तुझं-माझं? क्रेनवाल्यानं लिहिलं म्हटलं की लोकांना बरं वाटतं. यल्ला, चल आता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, थांब लेका, तुझी चांगली जिरवते.

की-बोर्डवर ट्रान्सपोज नावाचं बटण असतं. बोटं नेहमीच्याच काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर फिरतात, सूर तेवढा दर दाबाला एक पायरी वर चढतो. निवडीच्या दिवशी दादा परीक्षकांना वाकून नमस्कार करत होता, तेव्हा मी ते तीनदा दाबलं.

पहिल्याच ओळीला त्यानं माझ्याकडं बघितलं. मी गोड हसले. अंतऱ्याला त्याच्या मानेच्या शिरा टरारल्या. वरच्या स्वरावर आवाज चिरकला, फाटला, बंद पडला. पुढची ओळ मी उचलली. माझ्या पट्टीत, मोकळ्या गळ्यानं. काय सांगू, एवढा आनंद मला माझ्या लग्नात झाला नव्हता! परीक्षकांनी मला एकटीला निवडलं. दादा कोपऱ्यात पाणी पीत बसला होता. त्याला तसं बघून माझा जीव थंड झाला.

त्याला वाटलं, घसाच गेला. "वाळूनं खाल्ला गं माझा गळा," म्हणायचा. मिठाच्या गुळण्या, हळद-दूध, सगळं केलं. खोलीवरचं गाणंही थांबवलं. मी मनात म्हणायची, भोग आता. गाणं चोरतोस होय!

मग एका शुक्रवारी डॉक्टरांकडून तो थेट माझ्याकडं आला. चप्पल न काढता दारातच उभा राहिला.

"डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे. काही म्हणता काही झालेलं नाही." मग उगाच हसला. "म्हणजे मला कधी येतच नव्हतं गं. एवढी वर्षं तूच सांभाळून घेत होतीस. ते गाणं तुझं आहे, तेही सांगून आलोय सगळ्यांना."

खरं सांगायला मी तोंड उघडलं. देवाशपथ, उघडलं.

"जेवून जा," म्हणाले.