काकांची जादूची फुंकर

आमच्या गल्लीत जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करणाऱ्या काकांचा एकाच जमातीवर राग होता: कार्ट्रिजमध्ये, म्हणजे गेमच्या डबीत, फुंकर मारणाऱ्यांवर. तोंडातली वाफ आत जाते आणि तांब्याच्या पट्ट्या गंजतात, हे ते येईल त्याला ऐकवायचे. दुकानात तशी पाटीच होती: 'फुंकलेली कार्ट्रिज घेतली जाणार नाही.'

परवा एक बाई कार्ट्रिज घेऊन आल्या. मी नेहमीसारखा स्टुलावर बसून फुकटची करमणूक बघत होतो. काकांनी स्क्रू काढले, तर आतल्या पट्ट्या हिरव्यागार.

"कोण हा दीडशहाणा?" काका कडाडले. "फुंकून फुंकून वाट लावलीय!"

"तुम्हीच, काका," बाई म्हणाल्या. "शाळेत असताना गेम अडकला की तुमच्याकडेच पळत यायचे मी. 'माझ्या फुंकरीत जादू आहे,' म्हणायचात."

काकांचे कान लाल झाले. आतून काकूंनी संधी साधली, "अहो, मग परत करायची का ही?"

मला हसू फुटणार होतं, पण काकांचा चेहरा बघून ते गिळलं. त्यांनी मान वर न करता तासभर बसून स्पिरिटच्या बोळ्याने एकेक पट्टी पुसली. गेम सुरू झाला. बाई खूश झाल्या, पण काकांना त्यांच्याकडे बघवेना.

"अशा किती जणांच्या फुंकल्या असतील मी," ते पुटपुटले, आणि उठून त्यांनी पाटी उतरवली.